तळटीप न लिहिणारा वाचक

(जबलपूर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणासाठी तयार केलेली संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या मास्तरांचा शरीरगतिशास्त्राचा पहिला तास वर्गात कधीच होत नसे. जुलैत नवी तुकडी आली की ते सगळ्यांना सायकलींवर बसवून मदनमहालाच्या टेकडीकडे न्यायचे, बॅलन्सिंग रॉकपाशी. एक अवाढव्य शिळा दुसरीवर जेमतेम टेकलेली, हे दृश्य आपण जबलपूरकर इतक्या वेळा बघतो की त्याचं काही वाटेनासं होतं. मास्तर विचारायचे, "पडत का नाही रे?" कोणी म्हणे देवाची करणी, कोणी म्हणे सिमेंट लावलंय. मग ते एकेकाला एका पायावर उभं करत, हात वर घ्यायला लावत आणि शेजारच्याला हलकेच ढकलायला सांगत. गुरुत्वमध्य आणि आधारतळ हे शब्द पोरं दोन-चारदा आपटल्यावर येत. 22 मे 1997 ला मध्यरात्रीनंतर भूकंप झाला, शहरात घरं पडली, माणसं गेली. शिळा मात्र जागच्या जागी राहिली. काही दिवसांनी मास्तर टेकडीवर जाऊन आले आणि थेट ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "पाठ्यपुस्तक शाबूत आहे."

मास्तरांनी आयुष्यात तीन शोधनिबंध छापले. त्यांचा आधार कोणी घेतला का, हे मी या व्याख्यानासाठी पुन्हा तपासलं. एकदाही नाही. पण जबलपूर, कटनी, मंडला, नरसिंहपूर इथल्या शाळांतून आपल्याकडे ज्यांना पीटीआय म्हणतात त्या व्यायामशिक्षकांतले कितीतरी जण आजही मुलांना एका पायावर उभं करून ढकलतात. हा प्रभाव नाही, असं म्हणायची माझी तयारी नाही. तो मोजता येतो, असंही मी म्हणणार नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी आज तासभर उभी राहणार आहे, शक्य तर दोन्ही पायांवर.

मी खेळाडू नाही. शाळेत लंगडीतसुद्धा पहिल्या फेरीत बाद व्हायचे. मी ग्रंथपाल होते, आणि व्यायाम व शरीरगती या विषयांची नियतकालिकं मागवणं, त्यांची नोंद करणं, न आलेल्या अंकांसाठी पत्रं पाठवणं आणि वर्षाअखेरी खंड बांधून घेणं यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे नियतकालिकाचा प्रभाव हा माझ्यासाठी तात्त्विक प्रश्न नव्हता, तो दर मार्चला येणारा पैशांचा प्रश्न होता. 1991 च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं आणि परदेशी नियतकालिकांची वर्गणी जवळजवळ एका रात्रीत चढली. आमचं अनुदान होतं तिथेच. आठ नियतकालिकं येत होती, त्यांतली तीन बंद करा, असा आदेश आला. कोणती तीन?

हा प्रश्न मला एकटीला पडला नव्हता. ज्या आकड्याच्या नावाने आज विद्यापीठांतून बढत्या मिळतात आणि अडतात, त्याचा जन्म नेमका याच प्रश्नातून झाला. 1927 मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी 'सायन्स'मध्ये एक लेख लिहिला. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजसारख्या लहान महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत, एवढाच त्यांचा विषय. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा 1926 चा खंड घेतला, त्यातले साडेतीन हजारांवर संदर्भ मोजले आणि ज्या नियतकालिकाचं नाव जास्त वेळा आलं ते आधी घ्या, असं सांगितलं. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की जर्मन नियतकालिकांवाचून गत नाही. म्हणजे सल्ला नियतकालिकांचा मागितला होता, निघाला जर्मन शिकण्याचा. मला हा लेख फार आवडतो. त्यात कोणाला श्रेष्ठ ठरवायचं नाही, कोणाची नेमणूक करायची नाही. कपाट लहान आहे आणि पैसे कमी आहेत, बस्स.

पुढे फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये विज्ञानातल्या संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती सूची प्रत्यक्षात आली. तिच्यात कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवण्यासाठी त्यांनी आणि अर्विंग शेर यांनी इम्पॅक्ट फॅक्टर काढला. पुन्हा निवडीचंच हत्यार. 1975 पासून त्याचे वार्षिक अहवाल निघू लागले. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं आहे. समजा एखाद्या नियतकालिकाने 2022 आणि 2023 मध्ये मिळून ऐंशी लेख छापले आणि 2024 या वर्षात जगभरच्या लेखकांनी त्या लेखांचा एकशे साठ वेळा आधार घेतला, तर 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर दोन. सरासरी आहे ही. मास्तर म्हणायचे, "सरासरी खोलीची नदी ओलांडायला जाऊ नये." ग्वारीघाटावर वाढलेल्या माणसाला हे जास्त सांगावं लागत नाही.

मराठीत कोणी याला प्रभावांक म्हणतात. शब्द चांगला आहे, पण फसवा. त्यात प्रभाव आहे असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात मोजलं जातं ते एका लेखकाने दुसऱ्या लेखकाचं नाव घेणं. लिहिणाऱ्यांची आपसांतली ओळख म्हणा. रसायनशास्त्रात हे बऱ्यापैकी चालून जातं, कारण तिथला वाचक बहुतेक वेळा स्वतःही लिहिणारा असतो. आमच्या विषयाचं तसं नाही. व्यायामावरचा निबंध ज्याच्यासाठी लिहायचा तो शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो, किंवा रुग्णाचा गुडघा वाकवत असतो, किंवा तालमीत लाल माती चाळत असतो. त्याने वाचलं, त्याला पटलं, तर तो उद्या सकाळी व्यायाम बदलेल. तळटीप तो कशाला लिहील?

आधी आकड्याच्या स्वतःच्या लंगडण्याबद्दल दोन-चार गोष्टी सांगून टाकते. दोन वर्षांची खिडकी आमच्या विषयाला पुरत नाही. माणसाच्या शरीराला बदलायला वेळ लागतो. बारा आठवड्यांचा सराव घ्यायचा, आधी आणि नंतर मोजमाप करायचं, नैतिक समितीची परवानगी आणायची, लिहायचं, परीक्षकांच्या शंका फेडायच्या. ज्या लेखावरून कल्पना सुचली त्याला तोवर तिसरं-चौथं वर्ष लागलेलं असतं, आणि मिळालेला संदर्भ हिशेबाबाहेर पडतो. ए. व्ही. हिल हे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ स्वतः गवताच्या धावपट्टीवर पळत, पाठीला पिशवी बांधून उच्छ्वास गोळा करून घेत. 1923 मध्ये त्यांनी आणि ल्युप्टन यांनी स्नायूंचे श्रम आणि प्राणवायू यांवर जो निबंध लिहिला, त्यातूनच कमाल प्राणवायू-ग्रहणाची कल्पना रुजली. आजही तो निबंध आधाराला घेतला जातो. इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशेबाने मात्र त्याचं आयुष्य 1924 आणि 1925 एवढंच ठरलं असतं. हे ओळखून पाच वर्षांचा आकडाही देतात, पण जाहिरातीत छापतात तो दोन वर्षांचाच.

दुसरं, गट. कुस्तीत वजनगट असतात. इथे 'क्रीडाविज्ञान' या एकाच वर्गात गुडघ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची नियतकालिकं आणि शाळेतल्या शारीरिक शिक्षणाची नियतकालिकं शेजारी शेजारी उभी करतात. सर्जन मंडळी संख्येने जास्त, भराभर लिहितात, संदर्भांची यादी लांबलचक देतात. शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक वर्षाला एखादा लेख लिहितो. 1930 पासून अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षण संघटनेचं जे 'रिसर्च क्वार्टर्ली' निघतं आहे, त्याच्यावर हा विषय उभा राहिला. इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीत बघाल तर ते मधल्या बाकांवर कुठेतरी बसलेलं दिसतं. टेक्सासमधले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक ड्युएन नडसन यांनी या विषयातल्या नियतकालिकांच्या आकड्यांवर बरंच लिहिलं आहे, आणि हे आकडे जपून वापरा असंच तेही सांगतात.

आणि एक गंमत. 2020 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या शारीरिक हालचालीविषयीच्या मार्गदर्शक सूचना 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आल्या. प्रौढांनी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल करावी, हे जे आपण सगळीकडे ऐकतो, ते याच मजकुरातलं. जगात ज्या कोणी व्यायामावर लिहिलं त्याने पहिल्याच परिच्छेदात हा आधार दिला. नियतकालिकाचा आकडा 2021 आणि 2022 साली अठराच्या वर होता. 2020 चा मजकूर खिडकीतून बाहेर पडला त्या 2023 साली तो बाराच्या आत आला. करोनाच्या काळात सगळ्यांचेच आकडे फुगले होते हेही खरं. पण त्या वर्षी तिथे ज्याचा एखादा साधा लेख छापून आला, त्याने अठराचा आकडा आपल्या अर्जात लिहिला असणार. वरातीत घोड्यावर नवरदेव असतो. मागून चालणाऱ्यानेही घोड्याचं भाडं खिशात घालावं, तसला हा प्रकार.

आता आपल्या भंवरताल उद्यानात पहाटे फिरणारी मंडळी आठवा. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय म्हणून चालतात, आणि चालून झाल्यावर खोव्याची जिलेबी खातात, तो वेगळा विषय. त्या अर्ध्या तासामागे जेरेमी मॉरिस यांचा 1953 चा 'लॅन्सेट'मधला निबंध आहे. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून राहणारा चालक आणि जिन्यावरून वरखाली करणारा कंडक्टर, यांत हृदयविकार चालकांना जास्त होतो, हे त्यांनी दाखवलं. मॉरिसना संदर्भ पुष्कळ मिळाले. पण भंवरतालच्या फेऱ्यांची नोंद कोणत्या सूचीत आहे?

परदेशातली उदाहरणं पुरे. घरचं उदाहरण जास्त बोलकं आहे आणि ते आपल्या भाषेच्या माणसाचं आहे.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म 1883. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अमळनेरला शिक्षक. मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले आणि मग त्यांना प्रश्न पडला की हे जे शरीरात घडतं असं म्हणतात, ते खरोखर घडतं का. 1920 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. क्ष-किरण चित्रं घेतली, आतड्यातला दाब मोजला. नौलीच्या वेळी आत दाब उणा होतो असं दिसलं, तेव्हा त्या उण्या दाबाला त्यांनी गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. आजच्या हिशेबाने हा व्यवहार घाट्याचाच. शोध यांचा, नाव गुरूचं. 1924 च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. योगावरचं शास्त्रीय म्हणता येईल असं ते पहिलं नियतकालिक.

त्याचे जुने अंक मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा आतली रचना बघून थबकले. अंकाचे तीन भाग. पहिला शास्त्रीय, त्यात दाबाचे आकडे, क्ष-किरण चित्रं, प्रयोगाची पद्धत. दुसरा अर्धशास्त्रीय, ज्याला शरीररचनेची थोडी ओळख आहे अशा माणसासाठी. तिसरा लोकांसाठी, आसन कसं घालायचं, किती वेळ, कोणी घालू नये. ग्रंथालयात आम्ही वेगवेगळ्या वाचकांसाठी वेगवेगळ्या खिडक्या ठेवतो, तशा या माणसाने एकाच अंकात तीन खिडक्या उघडल्या होत्या. आपला वाचक एक नाही, तीन आहेत, हे 1924 साली त्यांना नेमकं ठाऊक होतं. संदर्भ मोजणाऱ्याला त्यातली फक्त पहिली खिडकी दिसते.

पहिल्या खिडकीतून काय झालं बघा. येलचे कोवूर बेहानन लोणावळ्याला येऊन शिकले आणि 1937 मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक लिहिलं. 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे दोघे संशोधक यंत्रं घेऊन हिंदुस्थानात फिरले, लोणावळ्यालाही त्यांनी काम केलं. 1961 मध्ये आनंद यांच्यासह त्यांनी हृदयरोगावरच्या 'सर्क्युलेशन'मध्ये निबंध छापला. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्याचं हृदय थांबत नव्हतं, छातीतला दाब वाढल्यामुळे नाडी हाताला लागत नव्हती आणि ठोके ऐकू येत नव्हते. विजेच्या आलेखावर ते चालूच होते. योगाच्या भक्तांना हा निष्कर्ष फारसा गोड लागला नसेल. पण मोजण्याचा हा रस्ता कुवलयानंदांनीच आखला होता.

तिसऱ्या खिडकीतून मात्र जे गेलं त्याला पावती नाही. 1927 मध्ये रक्तदाबाने हैराण झालेल्या गांधीजींनी आसनांविषयी त्यांचा सल्ला घेतला, ती पत्रं उपलब्ध आहेत. गांधीजींची पत्रं जपून ठेवली गेली म्हणून आपल्याला कळतं. बाकीच्या हजारो माणसांनी अंक वाचून सतरंजी अंथरली आणि त्याचा कागद कुठेही झाला नाही. शाळांसाठी त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' बसवला, मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर काम केलं. आज जूनमध्ये योगदिनाला मैदानावर रांगेत उभी केलेली मुलं तालावर आसनं करतात, त्या रांगेच्या मुळाशी हेच काम आहे. एखाद्या नियतकालिकाने मैदानावरच्या रांगेचा आकार बदलला, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

आपल्या भागात हा प्रवाह आणखी एका वाटेने आला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, वैद्य बंधूंचं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले. पण बर्लिनपेक्षा मला त्यांचे उन्हाळी वर्ग जास्त महत्त्वाचे वाटतात. 1956 पर्यंत जबलपूर आणि अमरावती एकाच प्रांतात होती, राजधानी नागपूर. मास्तरांचे गुरू उन्हाळ्यात अमरावतीला जाऊन शिकून आले होते. ते परत आले तेव्हा सोबत प्रमाणपत्र होतं आणि एक वही होती. आमच्या विषयातलं ज्ञान बराच काळ अशा वह्यांतून फिरलं. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, मराठीत. दहा खंड! कुस्ती, मल्लखांब, लाठी, आहार, शरीररचना, सगळं. जागतिक सूच्यांच्या दृष्टीने हे दहा खंड अस्तित्वातच नाहीत. तालमींतल्या कोनाड्यांत मात्र ते मारुतीच्या तसबिरीशेजारी मी पाहिले आहेत, तेल लागलेल्या बोटांचे ठसे असलेले.

इथे टाळ्या येतील असं मला वाटलंच होतं. पण थांबा. "आमचं मोठेपण तुमच्या आकड्यांत मावत नाही" हे वाक्य फार सोयीचं आहे, आणि ते आळशी माणसाच्या तोंडी जास्त शोभतं. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडा केलं. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी जो प्रकार ऊर्जितावस्थेला आणला, त्याचा हा मोठाच मान. पण मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाच्या मनगटावर किती भार येतो, खांद्याला इजा कोणत्या उडीत होते, वाढत्या वयाच्या मुलाने दिवसाला किती वेळ करावं, याचा शोध घ्यायला गेलात तर पदरात थोडकंच पडतं. इथे दोष सूचीचा नाही. आपण मोजलंच नाही. कुवलयानंद रबरी नळ्या आणि पाऱ्याचं दाबमापक घेऊन बसले होते, आपण समया पेटवतो.

मापाशिवाय सोडून दिलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. लेखाला गुण. झालं, लेखांचा पूर आला. एक तरुण व्याख्याता माझ्याकडे पत्र घेऊन आला होता, कोणत्या संस्थेतला ते सांगत नाही. शालेय खो-खोपटूंच्या चपळतेवरचा त्याचा लेख दोन दिवसांत तपासून स्वीकारला होता. शुल्क भरा, असं लिहिलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत इम्पॅक्ट फॅक्टर सात पूर्णांक काहीतरी. हा आकडा कोणी दिला म्हणून बघितलं, तर असले आकडे विकणारी एक दुकानवजा संस्था निघाली. खोट्या मालाला खोटं माप. मी त्याला सांगितलं, पैसे भरू नकोस. तो म्हणाला, "मॅडम, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे." पैसे त्याने भरले. मुलाचं काम वाईट नव्हतं, हे मला आजही टोचतं. चाळीस पोरांना त्याने उन्हातान्हात पळवून वेळ नोंदवली होती, चांगल्या परीक्षकाने त्याला दोन प्रश्न विचारले असते तर लेख उभा राहिला असता.

2017 मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. भूषण पटवर्धन आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि कोणत्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असं त्यांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात यादीतून 4,305 नावं काढली गेली. मग 'केअर' नावाची नवी व्यवस्था आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. पंधरा वर्षांत गुण, यादी, शुद्ध केलेली यादी आणि शेवटी "तुमचं तुम्ही बघा". म्हणजे प्रश्न फिरून ग्रंथपालाच्या टेबलावर आला. कपाट लहान, पैसे कमी, कोणती घ्यायची? फक्त आता बऱ्याच ठिकाणी ग्रंथपालाचं पदच रिकामं आहे.

गारफील्ड यांनी स्वतः आपल्या आकड्याची तुलना अणुशक्तीशी केली होती. 2012 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नका, असा जाहीरनामा तयार केला. पुष्कळ संस्थांनी सह्या केल्या. सह्या करणं सोपं असतं. मुलाखतीच्या खोलीत वीस अर्ज आणि एक तास असला की बोट आपोआप आकड्याच्या रकान्यावर जातं. तेव्हा आकडा फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. तो जिथला आहे तिथे ठेवा, वर्गणीच्या फाइलीत. माणसाची फाइल वेगळ्या कपाटात असते.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, कारण मोजणाऱ्याची चूक मोजल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. 1991 ची ती तीन नियतकालिकं मी कशी ठरवली? इम्पॅक्ट फॅक्टरचे अहवाल आमच्यापर्यंत पोचतच नव्हते. मी खंड टेबलावर आडवे ठेवले आणि पानांची कड बघितली. जे वाचलं जातं त्याची कड काळी पडते. तीन खंडांची कड कोरी होती. ती तीन बंद केली आणि आपल्या युक्तीवर खूश झाले. पुढच्या महिन्यात मास्तर आले, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की चला माझ्याबरोबर. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले. त्याच्याकडे एका जाड फाइलीत, मी बंद केलेल्या तिनांपैकी एका नियतकालिकाचे लेख होते, तेल-धुळीने माखलेले. दर वर्षी पहिला विद्यार्थी खंड नेऊन प्रत काढायचा आणि पुढची सगळी तुकडी त्या प्रतीवरून प्रती काढायची. मूळ खंड कोरा आणि झेरॉक्सवाल्याची फाइल काळी. सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं नियतकालिक मी बंद केलं होतं. पुढच्या वर्षी एक दिवाळी अंक आणि एक खुर्ची कमी करून ते पुन्हा सुरू केलं, मधल्या एका वर्षाची जागा कपाटात अजून मोकळी आहे.

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलीने त्यांची पुस्तकं ग्रंथालयाला दिली. त्यात 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एक खंड आहे, त्यांच्या गुरूंकडून आलेला. सूर्यनमस्कारांच्या मजकुराशेजारी समासात दोन वेगवेगळी हस्ताक्षरं दिसतात. वरचं शाईचं, गुरूंचं: "मुलांना श्वास धरायला लावू नये." खालचं पेन्सिलीचं, मास्तरांचं. राइट टाउनच्या मैदानावर एका सकाळी बावीस मुलांच्या नाड्या त्यांनी नमस्कारांच्या आधी आणि नंतर घेतल्या होत्या. बावीस जोड्या, बारीक अक्षरांत, समास संपला म्हणून पुढच्या पानावर चालू ठेवलेल्या. शेवटच्या तीन जोड्यांसमोर "श्वास धरला" असं लिहून खाली रेघ मारली आहे, आणि रेघेखाली एक प्रश्नचिन्ह.

तो खंड बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. चहाच्या आधी बघून घ्या. कागद ठिसूळ झाला आहे, पान कोपऱ्याला धरून उलटू नका, खालून तळहात घाला.